हात आपला, उत्तर त्यांचं

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे दरवर्षी काही दृष्टिहीन विद्यार्थी प्रवेश घेतात. कुणी बीड-परभणीकडून आलेलं असतं, कुणी यवतमाळकडून. बहुतेकांनी दहावी अंधशाळेतून केलेली असते आणि आता शहरात वसतिगृहात राहून शिकायचं असतं. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्यांच्यासाठी रायटर शोधण्याचं काम ग्रंथालयाकडे येतं. विद्यार्थी उत्तर सांगतो, रायटर ते उत्तरपत्रिकेत लिहितो. काम एवढंच.

तरीही नव्या रायटरला मी परीक्षेआधी समोर बसवून तासभर बोलते. जे सांगते, ते परीक्षेच्या खोलीपुरतं नाही, हे मला वर्षागणिक जास्त पटत चाललं आहे. अपंग माणसाशी कसं वागावं आणि त्याच्या बाजूने उभं कसं राहावं, हे रायटरच्या कामातून जितकं नेमकं शिकता येतं तितकं कुठल्याही भाषणातून शिकता येत नाही.

सांगितलं तेच लिहायचं

माझ्या सूचना साध्या असतात. आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची, प्रत्येक प्रश्नाचे गुण सांगायचे. कुठला प्रश्न आधी सोडवायचा हे विद्यार्थी ठरवील. पर्यायी उत्तरांचा प्रश्न असेल तर चारही पर्याय एकाच सुरात वाचायचे. बरोबर पर्यायावर आवाज रेंगाळता कामा नये. विद्यार्थी विचार करत असेल तेव्हा गप्प बसायचं. ‘आठवतंय का?’ असं विचारून त्याची तंद्री मोडायची नाही. परिच्छेद कुठे पाडायचा, कशाखाली रेघ ओढायची, तेही त्याने सांगितल्याप्रमाणेच. आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना म्हणजे सांगितलं तेच लिहायचं.

ही शेवटची सूचना पाळणं रायटरला सगळ्यात जड जातं. समजा, इतिहासाच्या पेपरात विद्यार्थ्याने सांगितलं की सत्यशोधक समाजाची स्थापना १८७५ साली झाली. ती १८७३ साली झाली हे रायटरला ठाऊक आहे. पेन हातात आहे, एक आकडा बदलला तर कुणाला कळणारही नाही, आणि मनात हेतू चांगलाच आहे. तरी १८७५च लिहायचं. परीक्षेतला प्रामाणिकपणा हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण मला एका विद्यार्थिनीने सांगितलं. ‘मॅडम, चुकलं तर माझं चुकू दे,’ ती म्हणाली. ‘नाहीतर पास झाले तरी मी पास झाले असं मला कधीच म्हणता येणार नाही.’

चुकण्याचा हक्क काढून घेतला की यशावरचा हक्कही जातो. घराघरांत अपंग मुलांच्या बाबतीत हेच होतं. मुलीला गॅसजवळ जाऊ देत नाहीत, मुलाला एकट्याला एसटीने पाठवत नाहीत, कपडे कुठले घालायचे, कोणता विषय घ्यायचा, सगळं इतर जण ठरवतात. त्यात माया असते, काळजी असते. पण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आमच्याकडे येते आणि तिने आजवर स्वतः एकही निर्णय घेतलेला नसतो, तेव्हा त्या मायेने तिचं काय नुकसान केलं ते मला रोज दिसतं.

कोण कुणाला तपासतं

केंद्र सरकारने २०१८ साली अपंग परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रायटर घेणाऱ्या परीक्षार्थीला दर तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळावीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास, असं त्यांत होतं. रायटर स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागायचा, हे परीक्षार्थीने ठरवायचं. भाषेच्या पेपरला एक आणि दुसऱ्या विषयाला दुसरा असे वेगवेगळे रायटर घेता येत होते. बोलणारा कॅल्क्युलेटर, ब्रेल पाटी, अबॅकस, गणितासाठी टेलर फ्रेम ही साधनं वापरता येत होती.

या सूचनांमधलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. संस्थेने रायटर दिला, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी परीक्षार्थीला त्याला भेटता आलं पाहिजे. हा रायटर आपल्या कामाचा आहे की नाही, हे परीक्षार्थीने पडताळायचं. म्हणजे मदत घेणारा मदत करणाऱ्याला तपासतो. आमची मुलं हे अगदी गंभीरपणे करतात. एक जण नव्या रायटरला अवघड जोडाक्षरांचा परिच्छेद सांगतो, मग तो कागद मित्राला दाखवून अक्षर कसं आहे ते विचारून घेतो. दुसरी एक विद्यार्थिनी फक्त वेग पाहते. एखाद्या रायटरला नकारही मिळतो. तो हिरमुसतो, ‘मी तर फुकट यायला तयार होतो,’ म्हणतो. त्याला मी सांगते, पैसे घेतले नाहीत म्हणून निवडीचा हक्क तुझ्याकडे येत नाही. पेपर परीक्षार्थीचा आहे.

जादा वेळेविषयीही गैरसमज आहेत. इतर विद्यार्थी कधी कधी कुरकुरतात की यांना सवलत मिळते. डोळस विद्यार्थी प्रश्नाकडे दहा वेळा ओझरती नजर टाकतो, आपण आधी काय लिहिलं ते चाळतो, मनात वाक्य पूर्ण व्हायच्या आत हात लिहायला लागतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला यातली प्रत्येक गोष्ट बोलून करवून घ्यावी लागते, आणि बोलून सांगितलेलं लिहायला वेळ लागतो. तो वेळ भरून देणं यात मेहेरबानी कुठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार यांच्या खटल्यात हीच भूमिका घेतली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत रायटर नाकारला गेला होता, कारण ४० टक्के अपंगत्वाच्या ठरलेल्या चौकटीत तो बसत नव्हता. न्यायालयाने सांगितलं की रायटरची सोय त्या टक्केवारीच्या चौकटीत कोंडता येणार नाही. व्यक्तीची अडचण पाहून योग्य ती सोय करून देणं हे समानतेच्या हक्काचंच अंग आहे.

कीव आणि कौतुक

आमच्या विद्यार्थ्यांना बाहेर दोन प्रकारची माणसं भेटतात. एका प्रकारची माणसं कीव करतात. स्टँडवर पांढरी काठी घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या हातात कुणीतरी नाणं ठेवून जातं. बसमध्ये शेजारची बाई ‘मागच्या जन्मीचं असतं हो एकेकाचं’ म्हणून उसासा टाकते, आणि मग डोळ्यांवर कुठले कुठले इलाज करून पाहिले, याची चौकशी सुरू होते. या मुलाच्या खिशात त्या वेळी राज्यशास्त्राच्या नोट्स असतात, डोक्यात उद्याची चाचणी असते. त्याचं काय चाललंय, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रकारची माणसं कौतुक करतात, आणि ते ओळखणं जास्त कठीण असतं. आमच्या एका विद्यार्थिनीला एका कार्यक्रमात मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यात आलं. परत आल्यावर ती मला म्हणाली, ‘माझे दोन विषय राहिलेत मॅडम. सत्कार कशाबद्दल झाला?’ ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ साली एका गाजलेल्या भाषणात असाच अनुभव सांगितला होता. त्या व्हीलचेअर वापरत. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कुणीतरी त्यांचं नाव एका पुरस्कारासाठी सुचवायचं ठरवलं; आईवडिलांनी म्हटलं, छान आहे, पण आमच्या मुलीने अजून तसं काही केलेलं नाही. अपंग माणूस केवळ जगतो आहे म्हणून त्याला इतरांच्या प्रेरणेचं साधन करू नका, एवढंच स्टेला यंग यांचं म्हणणं होतं.

कीव आणि कौतुक या दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे की या माणसाकडून काही अपेक्षाच ठेवायची नाही. हा समज रस्त्यावर नुसता मनाला लागतो, पण कार्यालयात नोकरी हिरावून घेतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१५च्या नागरी सेवा परीक्षेत ७७३व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली होती; पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन त्यांना ती नाकारण्यात आली. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत त्यांनी १२४वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या. ज्यांनी आधी नकार दिला, त्यांनी प्रांजल यांचं काम पाहून निर्णय घेतला नव्हता. काम सुरू व्हायच्या आधीच घेतला होता. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन व्यक्तींना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशातला नियम रद्द केला, तोही याच कारणासाठी. कुणाला काय जमणार नाही हे परस्पर ठरवून टाकायचा अधिकार कुणालाही नाही.

अडचण कुठे असते

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. या नव्या कायद्याच्या व्याख्येत एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. शरीरातली किंवा मनातली उणीव आणि बाहेरचे अडथळे, हे दोन्ही एकत्र आले की माणसाचा समाजातला पूर्ण सहभाग अडतो, असं ती व्याख्या सांगते. म्हणजे अडचणीचा अर्धा भाग आपण बांधलेल्या, छापलेल्या, ठरवलेल्या गोष्टींत असतो, आणि तो आपल्याला दूर करता येतो.

उतार बांधायचं उदाहरण घ्या. व्हीलचेअरसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. पायऱ्यांची उंची दोन फूट असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. मी पाहिलेल्या एका कार्यालयात तेवढ्याच उंचीला जेमतेम आठ फुटांचा उतार केला होता. त्यावरून खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही, आणि खाली येताना ती हातातून सुटते. उद्घाटन मात्र झालं होतं. बांधण्याआधी खुर्ची वापरणाऱ्या एका माणसाला बोलावलं असतं, तर खर्च फुकट गेला नसता.

माझ्या ग्रंथालयातले अडथळे निराळे आहेत. दृष्टिहीन मुलं फोनवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो. पण पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ केली असेल, तर त्यात अक्षरं नसतात, चित्रं असतात, आणि स्क्रीन रीडर मुका होतो. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स उघडल्या की कानावर अर्थहीन रोमन अक्षरांचा गोंधळ पडतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षक सूचनाफलकाचा फोटो टाकतात. बाकी साठ जणांना परीक्षेची बदललेली तारीख कळते, वर्गातल्या दोघा दृष्टिहीन मुलांना नाही. फोटोखाली तीच सूचना दोन ओळींत टाइप करायला मिनिटभर लागतं. या मुलांना घरबसल्या साथ देण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

पुस्तकांच्या बाबतीत कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अपंग वाचकांसाठी वाचनसुलभ प्रती करायला मुभा दिली. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला २०१४मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. एखादं मराठी पुस्तक आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून मुद्रितशोधन करतो, तेव्हा एका विद्यार्थ्याचं काम होतंच, शिवाय पुढच्या प्रत्येक वाचकासाठी ते तयार राहतं.

भेटल्यावर

रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी मुलांनीच मला वेळोवेळी सांगितल्या, त्या इथे लिहिते. दृष्टिहीन माणसाजवळ गेलात की आधी आपलं नाव सांगा. ‘ओळख पाहू मी कोण?’ हा प्रश्न त्यांना दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो आणि त्याचा त्यांना मनापासून वीट आलेला असतो. निघताना ‘मी निघते’ म्हणा, नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात. रस्ता ओलांडायचा असेल तर आधी विचारा. हवी असेल तर तीच व्यक्ती तुमच्या कोपराच्या वर हात ठेवील आणि अर्धं पाऊल मागे चालेल. तुमच्या चालीवरून तिला वळण आणि पायरी कळते. दंड धरून ओढू नका, काठी धरून तर मुळीच नाही. ‘तिकडे आहे’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्या डावीकडे, दोन पावलांवर’ म्हणा. फुटपाथवरच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा त्यांच्या वाटेसाठी असतात. तिथे स्कूटर लावू नका.

व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका. कर्णबधिर माणसाशी बोलताना ओरडू नका, चेहऱ्यावर उजेड राहील असे समोर उभे राहा. सोबत दुभाषी असेल तरी नजर त्या व्यक्तीकडे ठेवा. बोलायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मदत नको म्हटलं तर राग मानू नका. तो नकार तुमच्या चांगुलपणाला नसतो.

आणि थेट त्यांच्याशीच बोला. एका विद्यार्थिनीसोबत मी एका बँकेत गेले होते. खातं तिचं, अर्ज तिचा, पण काउंटरवरचे गृहस्थ प्रत्येक प्रश्न मला विचारत होते. ‘यांना सही येते का? यांना एटीएम कार्ड कशाला हवं?’ मी ‘त्यांनाच विचारा’ म्हणून दोन पावलं मागे सरकले. तिने शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या २००८च्या परिपत्रकानुसार दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर या सगळ्या सोयी इतरांसारख्याच द्याव्या लागतात. परिपत्रक तिच्या फोनमध्ये होतं. कार्ड मिळालं. हे सगळं मी तिच्या वतीने बोलले असते तर काम कदाचित लवकर झालं असतं, पण पुढच्या खेपेला त्या गृहस्थांनी पुन्हा तिच्या सोबत्यालाच विचारलं असतं.

ते तिथे नसतात तेव्हा

मागे सरकायचं म्हणजे नेहमी गप्प बसायचं असा अर्थ नाही. ज्या बैठकीत एकही अपंग व्यक्ती नसते, तिथे बोलणं हे आपलं काम आहे. स्नेहसंमेलन लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ठरत असेल, तर ‘आपल्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने कसं यायचं?’ हे तिथे बसलेल्या कुणीतरी विचारायलाच हवं. तोतरं बोलण्यावरचा, लंगडण्यावरचा विनोद होईल तेव्हा हसायचं नाही आणि का हसलो नाही ते सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात चित्रपटांविषयी बोलताना हा फरक स्पष्ट केला. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा.

पण बैठकीत विषय निघाला की उत्तरही आपणच द्यायचं नाही. ‘त्यांना बोलावू या’ हा ठराव आपण मांडायचा. जगभरच्या अपंग चळवळीने हीच मागणी केली आहे की आमच्याविषयीचा कुठलाही निर्णय आमच्याशिवाय नको. आमच्या ग्रंथालयात दृष्टिहीनांसाठीचे संगणक कुठे ठेवायचे, हे मुलांना विचारलं तेव्हा त्यांनी आम्ही मनात धरलेला कोपरा नाकारला. ‘आम्हाला सगळ्यांच्यात बसायचंय,’ ते म्हणाले. आता ते संगणक मधल्या दालनात आहेत. इतर मुलं जाता-येता थांबतात, गप्पा मारतात, वादही घालतात.

ज्यांना प्रत्यक्ष काही करावंसं वाटतं, त्यांनी रायटर व्हावं. परीक्षार्थी स्वतः रायटर आणतो तेव्हा त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं, म्हणून अकरावी-बारावीच्या आणि प्रथम वर्षाच्या मुलांची आम्हाला नेहमी गरज असते. तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल तर त्याला जवळच्या महाविद्यालयात किंवा अंधशाळेत चौकशी करायला सांगा. मोठ्यांसाठी पुस्तकं टाइप करण्याचं, तपासण्याचं, वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम आहेच. आधी भेटा, तुमचं काम त्यांना पसंत आहे का ते विचारा, नाही म्हणाले तर काय सुधारू ते विचारा. आणि हो म्हणाले, तर ठरलेल्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. रायटर उशिरा आला तर पेपर त्यांचा बुडतो.